रेंडर झालं, पिक्चर कुठाय?

रात्रीचे दोन वाजलेत. राजारामपुरीतल्या एखाद्या खोलीत तुमचा लॅपटॉप तापून फणफणतोय. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी तुम्ही एक मिनिटाचं थ्रीडी ॲनिमेशन केलंय. मॉडेल तयार आहे, लाइट लागलाय, कॅमेरा फिरतोय. आता रेंडर चाललंय. सेकंदाला २४ फ्रेम म्हणजे एका मिनिटाला १,४४० फ्रेम. एका फ्रेमला दोन मिनिटं धरली तरी सगळं मिळून ४८ तास. दोन दिवस आणि दोन रात्री. आणि तेवढ्यात लाइट जाते.

आता तुमचं काय होणार, हे तुम्ही सुरुवातीला कोणतं बटण दाबलं होतं यावर आहे. थेट एमपी फोर फाइल काढायला लावली असेल, तर ती फाइल बहुतेक वेळा अर्धवट राहते आणि उघडतच नाही. एकेक फ्रेम वेगळं चित्र म्हणून सेव्ह होत असेल, तर झालेल्या सगळ्या फ्रेम जागेवर असतात. लाइट आली की पुढच्या फ्रेमपासून सुरू करायचं. पण तसं केलं तरी शेवटी तुमच्या हातात काय असतं? १,४४० सुटी चित्रं. मित्राला व्हॉट्सॲपवर पाठवायला पिक्चर नसतोच. ती चित्रं ओळीनं लावायची, वेग ठरवायचा, आवाज जोडायचा, रंग सांभाळायचे आणि मग त्यांची एक फाइल करायची. या शेवटच्या टप्प्यावर भलेभले वैतागतात. चित्र काढायला आलं म्हणजे पिक्चर आला, असं वाटत असतं. तसं नसतं.

हीच अडचण शंभर वर्षांपूर्वी आपल्याच गावातल्या एका चित्रकाराला आली होती. त्याच्याकडे सॉफ्टवेअर तर सोडाच, कॅमेरासुद्धा नव्हता. मग त्यानं तो तयार केला. त्यांचं नाव बाबूराव कृष्णराव मेस्त्री. तुम्ही त्यांना बाबूराव पेंटर म्हणून ओळखता. निदान खरी कॉर्नरचा कॅमेऱ्याचा स्तंभ तरी गाडीवरून जाताना पाहिला असेल. तो तिथं का उभा आहे, हे माहीत नसेल तर पुढं वाचा.

कारागिराचं पोर

बाबूरावांचा जन्म ३ जून १८९० चा, कोल्हापूरचा. घर मेस्त्र्यांचं. हातानं वस्तू घडवणं ही घरातली रोजची गोष्ट. लाकूड, धातू, माती, रंग, जे हाताला लागेल त्याचं काहीतरी करायचं. चित्रकला ते कुठल्या आर्ट स्कूलमध्ये शिकले नाहीत. बघत बघत आणि करत करत शिकले. त्यांच्या नात्यातला भाऊ आनंदराव मेस्त्री याच वाटेवरचा. दोघांची जोडी अशी जमली की लोकांनी दोघांचंही आडनाव बदलून टाकलं. आनंदराव पेंटर आणि बाबूराव पेंटर.

तो काळ संगीत नाटकांचा. नाटक मंडळी गावोगाव फिरायची आणि त्यांच्या पाठीमागं रंगवलेले मोठाले पडदे असायचे. राजवाडा, जंगल, नदीकाठ, रस्ता, सगळं कापडावर. साधारण १९१० ते १९१६ या काळात या दोघा भावांच्या पडद्यांना पश्चिम भारतात मोठा मान होता. मराठी संगीत नाटक मंडळ्या आणि गुजराती-पारशी नाटक कंपन्या त्यांच्याकडून पडदे करून घ्यायच्या. सपाट कापडावर खोली दाखवायची, लांबवर जाणारा रस्ता दाखवायचा, कोपऱ्यातून येणारा उजेड दाखवायचा, यात त्यांचा हात बसलेला होता. आजच्या भाषेत सांगायचं तर टूडीत थ्रीडीचा भास निर्माण करणारे ते उस्ताद होते.

मग ३ मे १९१३ ला मुंबईत दादासाहेब फाळक्यांचा राजा हरिश्चंद्र लागला. भारतातल्या माणसानं, भारतातली गोष्ट, हलत्या चित्रात सांगितली. या दोघांना सिनेमाचं वेड लागलं ते तेव्हापासून. आपण इतकी वर्षं पडदे रंगवतोय, पण ते जागचे हलत नाहीत. इथं तर चित्रच चालतंय.

आधी उघडून बघा

तुम्ही ब्लेंडर शिकताना काय केलं? कुणाची तरी तयार फाइल उतरवून घेतली, उघडली आणि आत काय आहे ते बघत बसलात. या दोघांनी तेच केलं. मुंबईच्या जुन्या बाजारातून त्यांनी एक प्रोजेक्टर विकत आणला आणि सिनेमे दाखवायला सुरुवात केली. दाखवता दाखवता ते यंत्र निरखायचं, हे खरं काम.

प्रोजेक्टरच्या पोटात काय चालतं ते थोडक्यात समजून घ्या, म्हणजे पुढची गोष्ट कळेल. सिनेमाची फिल्म ३५ मिलिमीटर रुंद असते. दोन्ही कडांना भोकं असतात, प्रत्येक फ्रेमला एका बाजूला चार. एका फुटात १६ फ्रेम बसतात. ही पट्टी सरळ सरकत गेली तर पडद्यावर नुसते फराटे दिसतील. म्हणून ती सरकायची, थांबायची, पुन्हा सरकायची, पुन्हा थांबायची. थांबलेली असेल तेवढ्याच वेळात तिच्यातून उजेड जाणार. सरकत असताना फिरती झडप उजेड अडवणार. मूकपटांच्या काळात हे साधारण सेकंदाला १६ वेळा व्हायचं. डोळ्याला मधला अंधार कळत नाही, त्याला फक्त हालचाल दिसते.

कॅमेऱ्याचं काम नेमकं उलट्या दिशेचं. तिथं उजेड बाहेरून आत येतो आणि कोऱ्या फिल्मवर पडतो. पण फिल्म ओढायची, थांबवायची आणि झडप फिरवायची युक्ती तीच. म्हणजे ज्याला प्रोजेक्टर पुरता समजला, त्याला कॅमेरा अर्धा समजला. उरलेला अर्धा मात्र जीव काढणारा असतो.

का ते बघा. फिल्मवरचं चित्र जेमतेम २४ मिलिमीटर रुंद. ते १५ फुटी पडद्यावर टाकलं की जवळपास १९० पट मोठं होतं. फ्रेम थांबताना एक दशांश मिलिमीटर, म्हणजे केसाच्या जाडीएवढी, इकडं-तिकडं झाली तर पडद्यावर चित्र जवळपास दोन सेंटिमीटर उडी मारणार. तेही सेकंदाला सोळा वेळा. बघणाऱ्याचं डोकं दुखणार. त्यामुळं दातेरी चाकं, फिल्म ओढणारी नखी, भिंगामागची चौकट, सगळं एकमेकांत अचूक बसायला हवं. शिवाय पेटी अशी बंद हवी की उजेडाची एक रेघसुद्धा आत जाता कामा नये.

आणि हे सगळं कोल्हापुरात बसून करायचं होतं. पहिलं महायुद्ध चालू होतं, परदेशी माल महाग आणि दुर्मीळ. विलायती कॅमेरा मागवणं या पडदे रंगवणाऱ्यांच्या खिशाला परवडणारं नव्हतं. मग स्वतःच करायचा, असं ठरलं.

आनंदराव थांबले

इथं गोष्टीला एक चटका आहे. कॅमेऱ्याचं काम चालू असतानाच, १९१६ मध्ये, आनंदराव वारले. ज्या यंत्रासाठी जीव टाकला ते चालताना त्यांनी पाहिलं नाही. त्यांच्या हातून उतरलेली एकही फ्रेम पडद्यावर हलली नाही.

तुमच्या ग्रुपमधला सगळ्यात हुशार पार्टनर निघून गेला तर तुमच्या प्रोजेक्टचं काय होईल? बहुतेक जण फोल्डर बंद करून टाकतील. बाबूरावांचं वय तेव्हा सव्वीस. त्यांनी काम सोडलं नाही. विष्णुपंत दामले नावाचा एक तरुण पडद्यांच्या कामासाठी यांच्याकडं आलेला होता. हात कुशल, डोकं यंत्राचं. त्याला बरोबर घेऊन बाबूराव पुन्हा कामाला लागले. सुटे भाग घडवायचे, बसवायचे, फिल्म घालून फिरवायचे, बिघडलं की पुन्हा उघडायचं. १९१८ मध्ये त्या दोघांच्या हातात चालणारा कॅमेरा होता.

भारतात तयार झालेला पहिला मूव्ही कॅमेरा म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. पण तुम्ही जरा वेगळ्या बाजूनं बघा. बाबूरावांना यंत्रं बनवायचा कारखाना काढायचा नव्हता. त्यांना गोष्ट सांगायची होती. गोष्टीच्या आणि लोकांच्या मध्ये एक यंत्र आडवं येत होतं, म्हणून त्यांनी ते यंत्र बनवलं.

कॅमेरा झाला, आता पिक्चर

दरम्यान १९१७ मध्ये महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. पैसा कुठून आला? गायिका तानीबाई कागलकर यांनी भांडवल दिलं. एका गाणाऱ्या बाईनं एका पडदे रंगवणाऱ्याच्या अजून न काढलेल्या सिनेमावर पैसे लावले. तानीबाई नसत्या तर कोल्हापूरच्या सिनेमाची गोष्ट कुठल्या वळणानं गेली असती, सांगता येत नाही. हे नाव लक्षात ठेवा, कारण त्यांचा पुतळा कुठल्या चौकात तुम्हाला दिसणार नाही.

पहिला प्रयत्न होता सीता स्वयंवर. तो पुरा झाला नाही. म्हणजे बाबूरावांचासुद्धा पहिला प्रोजेक्ट अर्धवट राहिलेला आहे, हे ऐकून जरा बरं वाटलं ना?

दुसरा होता सैरंध्री. महाभारतातली कीचकवधाची गोष्ट. बायकांच्या भूमिका पुरुषांनी करायच्या तो काळ. राजा हरिश्चंद्रातली तारामतीसुद्धा पुरुषानंच केलेली. बाबूरावांना ते पटत नव्हतं. गुलाबबाई आणि अनुसूयाबाई या दोघी त्यांच्या कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या. पडद्यावर त्यांची नावं कमलादेवी आणि सुशीलादेवी अशी झाली.

शूटिंग झालं की काम संपलं, असं वाटत असेल तर पुन्हा तुमच्या १,४४० सुट्या चित्रांची आठवण काढा. बाबूरावांच्या काळात हे शेवटचं काम कसं चालायचं ते बघा.

कॅमेरा हातानं फिरवायचा. दांडा एकदा फिरला की आठ फ्रेम, सेकंदाला दोन फेरे. हात दमून मंद झाला तर पडद्यावर माणसं पळायला लागणार. आज तुम्ही २४ च्या वेगानं रेंडर करता आणि फाइल करताना चुकून ३० निवडता. तेव्हाही हेच होतं. चूक शंभर वर्षं जुनी आहे, फक्त दांड्याच्या जागी ड्रॉपडाउन आलाय.

मग कॅमेऱ्यातली फिल्म अंधाऱ्या खोलीत बाहेर काढायची. चौकटीवर गुंडाळून औषधाच्या टाकीत बुडवायची. चित्र उमटलं की हायपोत पक्की करायची, भरपूर पाण्यात धुवायची, धूळ लागू न देता वाळवायची. ही झाली निगेटिव्ह. तिच्यात पांढरं काळं दिसतं आणि काळं पांढरं. ती कोऱ्या फिल्मला चिकटवून, उजेडातून नेऊन, पुन्हा धुऊन पॉझिटिव्ह काढायची. ती मात्र दाखवता येते. मधली संवादाची आणि माहितीची पाटी वेगळी लिहून, तिचं वेगळं चित्रण करून योग्य जागी जोडायची. कात्रीनं कापायचं, डिंकासारख्या सिमेंटनं सांधायचं. हजार फुटांचं एक रीळ म्हणजे १६,००० फ्रेम आणि पडद्यावर जेमतेम सतरा मिनिटं. जेवढ्या थिएटरांत लावायचा, तेवढ्या प्रती.

तुमच्या भाषेत लावा. निगेटिव्ह म्हणजे तुमच्या पीएनजी फ्रेमचा फोल्डर. मूळ माल. जोडकाम म्हणजे टाइमलाइन. पॉझिटिव्ह प्रत म्हणजे एमपी फोर, जी लोकांना द्यायची. आणि ज्यानं या तिन्हींत गल्लत केली, तो तेव्हाही रडला आणि आजही रडतो.

लोकमान्यांनी दिलेलं नाव

७ फेब्रुवारी १९२० ला पुण्याच्या आर्यन थिएटरात सैरंध्री लागला. घरच्या कॅमेऱ्यावर, कोल्हापुरात तयार झालेला पिक्चर. लोकमान्य टिळकांनी तो पाहिला आणि बाबूरावांना सिनेमा केसरी ही पदवी दिली. लोकमान्य त्याच वर्षी १ ऑगस्टला गेले.

भीमानं कीचकाला मारण्याचं दृश्य इतकं खरं वाटलं की लोक हादरले. पुढं ते काढून टाकावं लागलं. विचार करा, ज्या हातानं कालपर्यंत कापडावर नदी रंगवली होती, त्याच हातानं आता लोकांना खुर्चीत दचकवलं होतं.

बाबूरावांनी यानंतर जी गोष्ट केली ती थ्रीडीवाल्यांनी नीट ऐकावी. नाटकाचा पडदा रंगवण्यात ज्याचा हात धरणारा कुणी नव्हता, त्यानं सिनेमातून रंगवलेला पडदाच काढून टाकला. पाठीमागं कापड टांगण्याऐवजी त्यांनी भरीव सेट उभे केले. ज्यात माणूस चालू शकेल, खांबाआड जाऊ शकेल, ज्यावर खरी सावली पडेल. स्वतःला जे सगळ्यात चांगलं येतं तेच बाजूला ठेवायला धाडस लागतं. कॅमेऱ्याला खोली हवी होती, आणि ती कॅमेऱ्याला द्यायची तर आपली जुनी हातचलाखी चालणार नाही, हे त्यांना कळलं.

उजेडाचंही तसंच. आधी सगळं शूटिंग उन्हात. मग रिफ्लेक्टर लावून ऊन वळवायचं. १९२३ च्या सिंहगडमध्ये त्यांनी कृत्रिम दिव्यांच्या उजेडात चित्रण केलं. तानाजीची गोष्ट रात्रीची, मग ती भर दुपारी कशी दाखवणार? या सिनेमात शिवाजी महाराजांची भूमिका बाबूरावांनी स्वतः केली. शेलारमामा झाला होता एक तरुण, कंपनीत पडेल ते काम करणारा कोल्हापूरचा पोरगा. नाव शांताराम वणकुद्रे. पुढचे व्ही. शांताराम.

शूटिंगच्या आधी सीन कागदावर काढायचे, पात्रांचे पोशाख काढायचे, ही बाबूरावांची सवय. आज आपण त्याला स्टोरीबोर्ड म्हणतो. पिक्चर तयार झाला की पोस्टरही स्वतः रंगवायचे. सिनेमाची माहिती आणि फोटो असलेल्या पुस्तिका छापायचे, तेही १९२१-२२ च्या सुमाराला. म्हणजे थंबनेल आणि डिस्क्रिप्शनसुद्धा त्यांनी दुसऱ्यावर सोडलं नाही. १९२४ च्या कल्याण खजिनाला लंडनच्या वेम्बली प्रदर्शनात पदक मिळालं. त्याचं पोस्टर भारतातल्या आज उपलब्ध असलेल्या सगळ्यात जुन्या चित्रपट-पोस्टर्समध्ये गणलं जातं.

शेतकऱ्याचा पिक्चर

देवादिकांचे आणि इतिहासातले सिनेमे चालत होते. गल्ला येत होता. तरी १९२५ मध्ये बाबूरावांनी सावकारी पाश काढला. गोष्ट नारायण हरी आपट्यांची. सावकार खोट्या कागदावर शेतकऱ्याची जमीन गिळतो आणि तो शेतकरी शहरात जाऊन गिरणीत मजूर होतो. तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत शांताराम. झोपडी, मिणमिणता उजेड आणि भुंकणारं कुत्रं, एवढ्या सामानात त्यांनी उभं केलेलं दृश्य बघणाऱ्यांच्या कायम लक्षात राहिलं. आवाज नसलेल्या सिनेमात!

तो गल्ल्यावर फार चालला नाही. लोकांना चमत्कार आणि तलवारी हव्या होत्या. तुमच्या एखाद्या जीव ओतून केलेल्या शॉर्टफिल्मला ऐंशी व्ह्यू येतात आणि टाइमपास रीलला ऐंशी हजार, तसंच काहीसं. बाबूराव पुन्हा पौराणिक विषयांकडं वळले. पण ही गोष्ट त्यांच्या मनातून गेली नाही. बोलपट आल्यावर १९३६ मध्ये त्यांनी तोच सावकारी पाश पुन्हा काढला.

पोरं निघून गेली

महाराष्ट्र फिल्म कंपनी ही नोकरीची जागा कमी आणि तालीम जास्त होती. इथं माणूस सेट ठोकायचा, कॅमेरा धरायचा, फिल्म धुवायचा आणि वेळ आली तर मिशी लावून उभाही राहायचा. त्यामुळं इथून बाहेर पडणाऱ्याला पिक्चर पहिल्या रेघेपासून शेवटच्या प्रतीपर्यंत माहीत असायचा.

आणि अशी पोरं एक दिवस निघतातच. दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम बाहेर पडले आणि १ जून १९२९ ला कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली. प्रभात १९३३ मध्ये पुण्याला गेली. दामले-फत्तेलालांच्या १९३६ च्या संत तुकारामचा पुढच्या वर्षी व्हेनिसमध्ये गौरव झाला. ॲनिमेशनवाल्यांनी आणखी एक गोष्ट टिपून ठेवा. भारतातल्या अगदी सुरुवातीच्या कार्टून फिल्मपैकी एक, जंबू काका, ही याच प्रभातची. १९३० च्या दशकातली. एकेक चित्र हातानं काढायचं, एकेक फ्रेम कॅमेऱ्यानं टिपायची. तुमच्या कामाचे ते आजोबा समजा.

गुरूला मात्र हे जड गेलं असणार. हाताखाली तयार झालेली चार माणसं एकदम गेली. पाठोपाठ १९३१ मध्ये बोलपट आला आणि सगळं यंत्रच बदललं. आता आवाज हवा, त्यासाठी सेकंदाला २४ फ्रेमचा ठरलेला वेग हवा, हातानं दांडा फिरवून भागणार नव्हतं. बाबूरावांना बोलपटाचं फारसं कौतुक नव्हतं. चित्रानं बोलावं या मताचा माणूस तो. महाराष्ट्र फिल्म कंपनी थांबली. त्यांनी पुढं उषा, प्रतिभा असे काही बोलपट केले, पण जीव पुन्हा रंगात आणि शिल्पात रमला.

१९४७ मध्ये लोकशाहीर रामजोशी आला. निर्मिती व्ही. शांतारामांच्या राजकमलची, आणि दिग्दर्शक म्हणून दोन नावं होती, बाबूराव पेंटर आणि व्ही. शांताराम. ज्याला शेलारमामा केलं होतं त्याच्या कंपनीत गुरूचं नाव पडद्यावर आलं. १६ जानेवारी १९५४ ला बाबूराव गेले.

आणि तो सैरंध्री?

आता तुम्ही म्हणाल, चला, आज रात्री सैरंध्री बघून टाकू. लिंक द्या.

लिंक नाही. सैरंध्री आज बघायला मिळत नाही. मूक सावकारी पाशही मिळत नाही. बाबूरावांनी काढलेल्या मूकपटांतले बहुतेक सगळे गेले. मुरलीवालासारख्या एखाद्या सिनेमाचा काही भाग पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जपलेला आहे. ते संग्रहालयच १९६४ ला सुरू झालं, बाबूराव गेल्यानंतर दहा वर्षांनी.

कारण फिल्म ही टिकणारी वस्तू नव्हती. त्या वेळची नायट्रेट फिल्म भडकन पेटायची. नाही पेटली तर दमट हवेत चिकट व्हायची, कुजायची, शेवटी तिची पूड व्हायची. त्यातली चांदी काढून घ्यायला जुन्या फिल्म विकल्याही जायच्या. थिएटरात गाजून झालेला पिक्चर जपायचा असतो, हे तेव्हा कुणाच्या गावीही नव्हतं. कॅमेरा घरी बनवणाऱ्या, पोस्टरपर्यंत प्रत्येक पायरी स्वतः चढणाऱ्या माणसाच्या कामात हीच एक पायरी राहून गेली. त्याला दोष कसा देणार? त्या काळात ती पायरी आहे हेच जगात फारशा कुणाला माहीत नव्हतं.

तुम्हाला मात्र माहीत आहे. म्हणून आज रात्री, लाइट आल्यावर, एवढं करा. थेट व्हिडिओ काढू नका, एकेक फ्रेम पीएनजीत किंवा ईएक्सआरमध्ये काढा. फ्रेमच्या नावात चार आकडी नंबर ठेवा, म्हणजे दहावी फ्रेम दुसरीच्या आधी येऊन बसणार नाही. ज्या वेगानं ॲनिमेशन केलं, तोच वेग फाइल करताना निवडा, नाहीतर आवाज आणि ओठ एकमेकांना सोडून जातील. आधी एक मोठी, कमी दाबलेली मास्टर फाइल काढा. लोकांना पाठवायची एच २६४ ची एमपी फोर त्या मास्टरवरून काढा, कारण दाबलेल्या फाइलमधून गेलेला तपशील परत येत नाही. व्हॉट्सॲपवर गेलेली प्रत ही मूळ प्रत नव्हे. प्रोजेक्ट फाइल, फ्रेमचा फोल्डर आणि मास्टर, तिन्ही दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा. एक डिस्क घरी, दुसरी गावाकडं असली तरी चालेल.

आणि पुढच्या वेळी खरी कॉर्नरवरून जाल तेव्हा गाडी जरा बाजूला घ्या. तो कॅमेरा बघा. आनंदराव तो चालताना बघू शकले नाहीत. बाबूरावांनी तो चालवला, आणि त्यातून उतरलेली चित्रं आपण बघू शकत नाही. तुमच्या त्या १,४४० फ्रेम मात्र अजून तुमच्या हातात आहेत.